मल्लूनं निवडलेला कार्बोरेटर

सकाळी सव्वासातला महादेवीवैनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भावजी, हे उटंनात," एवढंच त्या म्हणाल्या. अर्ध्या गालाचा साबण पुसून मी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी पोचलो, तोवर शेजारचे डॉक्टर येऊन बघून गेले होते. मल्लू झोपेतच गेला होता. त्यांच्या लिंगायतांत मयताला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. कपाळभर विभूती लावून, नवं धोतर नेसवून त्याला भिंतीला टेकवून बसवलं, आणि मान बांधायच्या आधी ती आपोआप डावीकडं कलली. पन्नास वर्षं मी त्याला असाच बघत आलो होतो. उघड्या बॉनेटसमोर वाकलेला, डावा कान इंजिनाकडं, डोळे मिटलेले... मला क्षणभर वाटलं, आता हा हात वर करून "गप बसा की जरा" म्हणेल. बाहेर ओट्यावर गॅरेज लायनीतली माणसं जमली होती. त्यातला एकजण म्हणाला, "लई मोटा कारागीर हुता. शेवटी शेवटी हात गेला बिचाऱ्याचा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मी का हलवली, ते लिहायला बसलोय. दीड महिना टाळलं.

मल्लू, म्हणजे मल्लिनाथ, शाळेत माझ्या बाकावरचा. मॅट्रिकला गणितात गेला आणि परत बसला नाही, मी पुढं त्याच गणिताचा मास्तर झालो. त्यामुळं आयुष्यभर त्यानं मला "मास्तर" म्हटलं, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलं नाही. सात रस्त्याच्या मागच्या बोळात त्याचं दहा बाय बाराचं गॅरेज. तिथं गाडीची बाकी कामं होत नसत, फक्त कार्बोरेटर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेट्रोल आणि हवा किती प्रमाणात मिसळून इंजिनाला पाजायची हे ठरवणारा हा भाग. नव्या गाड्यांत तो नसतोच, तिथं हे काम कॉम्प्युटर करतो. मल्लू म्हणायचा, "भाकरीचं पीठ मळल्यागत हाय बघ मास्तर. पाणी जास्त झालं की चिकटतंय, कमी झालं की फाटतंय. किती घालायचं ते बाईला इचारलं तर सांगता येत न्हाई, पण तिच्या हाताला ठावं असतंय." त्याच्या हाताला ठाऊक होतं. अक्कलकोट, बार्शी, पार विजापूरहून लोक गाड्या घेऊन यायचे. मीटर लावणाऱ्यांची तो टर उडवायचा. मग कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या आणि बोळ हळूहळू रिकामा झाला. शेवटच्या वर्षांत त्याच्याकडं दोन-चार हौशी लोकांच्या जुन्या गाड्या उरल्या होत्या. त्यातली एक माझी.

माझी म्हणजे वडिलांची पांढरी अँबेसिडर. वडील सुताचे व्यापारी, त्या गाडीतून त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला. मला ना व्यापार जमला ना गाडी विकणं. रविवारी पुसायची, गावात एक फेरी मारायची, एवढंच. गेल्या वर्षाअखेरीस ती रुसली. सिग्नलला उभी केली की धापा टाकायची, मग बंद. मल्लूनं कार्बोरेटर उतरवून हातात घेतला, त्याचा दांडा हलवून दाखवला. दांड्याचं गोल भोक झिजून लांबट झालं होतं. "ह्यातनं फुकटची हवा जायली. हा संपला. वय झालं की माणसाचं बी असंच हुतंय," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. नवा घालायचा तर वाटा तीन. एक, छोट्या व्हॅनचा जपानी पद्धतीचा कार्बोरेटर एक पट्टी जोडून बसवायचा. सगळं सोलापूर तेच करत होतं. स्वस्त, बिनतक्रार, आणि त्यात ऐकण्यासारखं काही नाही, स्क्रू फिरवला की झालं. दुसरी वाट, मूळच्यासारखी दिसणारी नवी नक्कल कुरियरनं मागवायची. ती त्यानं मागवली, पेटीतून काढली, दोनदा उलटसुलट केली आणि "ह्येचं ओतकामच भुसभुशीत हाय" म्हणून परत पाठवली. तिसरी वाट, कुठंतरी एखाद्या मेलेल्या अँबेसिडरवरचा, न झिजलेला मूळचा शोधायचा. मी म्हटलं, व्हॅनचा घाल आणि मोकळा हो. तो चिडला नाही. म्हणाला, "मास्तर, माझ्या हातनं ही एक गाडी तरी तिच्या तालावर जाऊ दे. मग म्या बोळ बंद करतो." तेव्हा मला ते बोलणं नुसतं हट्टाचं वाटलं होतं.

वैरागला एका भंगारवाल्याकडं तीन कार्बोरेटर आहेत असं कुणीतरी सांगितलं आणि आम्ही दोघं एसटीनं गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या चाकांमागं, रॉकेलच्या डब्यात ते तिघे बुडवून ठेवलेले. मल्लूनं पिशवी खाली ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि एकेक उचलून पुसला. या जातीच्या कार्बोरेटरमध्ये एक छोटा पिस्टन वर-खाली सरकतो. बोटानं तो वर उचलायचा आणि सोडायचा. सरळ असेल तर खाली टेकताना 'टक्क' असा खणखणीत आवाज येतो, कुठं वाकडा घासत असेल तर मुका पडतो. हे मी त्याच्याकडून हजारदा ऐकलं होतं. त्यानं पहिल्याचा पिस्टन उचलला, सोडला. पुन्हा उचलला, सोडला. कानाजवळ नेऊन सोडला. मग दुसऱ्याचा. भंगारवाला विडी ओढत बघत होता. मल्लू माझ्याजवळ आला आणि अगदी हळू, त्या माणसाला कळू नये अशा आवाजात म्हणाला, "मास्तर, वाजायलंय का रे?"

मला कळेना. दोन हातांवरून मला तो आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर जे होतं ते मी माझ्या वर्गात फळ्याजवळ उभ्या केलेल्या पोरांच्या तोंडावर बघितलंय, गणित येत नाही आणि सगळा वर्ग बघतोय... पण हा सदुसष्ट वर्षांचा माणूस होता, आणि कान ही त्याची सगळी विद्या होती. मी म्हटलं, "दुसरा मुका आहे. पहिला आणि तिसरा वाजतोय." "तिसरा कसा वाजतोय?" "चांदीचा रुपया फरशीवर टाकल्यासारखा." त्यानं तिसरा घेतला. दांडा हलवून बघितला, पेट्रोलच्या भोकात बसणारी सुई काढून जिभेच्या टोकावर फिरवली, तिला कुठं खाच आहे का ते जिभेला कळतं म्हणायचा. परतीच्या एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. बार्शी नाका आल्यावर म्हणाला, "महादेवीला ठावं हाय. आता तुला. तिसऱ्याला कळू दिऊ नको."

मशीन होतं त्याच्याकडं, कानात घालायचं. वैनींनी हट्टानं करून आणलेलं. ते लावून तो एकदा इंजिनासमोर उभा राहिला आणि लगेच काढून शर्टाच्या खिशात टाकलं. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाजतंय म्हणाला. मग मडगार्डवर तळवा ठेवून बघितला, थरथर हाताला कळते का म्हणून. पण जुन्या गाडीचं सगळं अंगच थरथरतं, त्यातून काय निवडणार. शेवटी त्यानं मला बोलावलं. "हात माझा, कान तुझं. हुईल की."

एप्रिलचा महिना, सोलापूरचं ऊन, आणि गॅरेजवर पत्रा. तो वैरागचा कार्बोरेटर बसवायचा, इंजिन गरम करायचा आणि पिस्टन उचलणारी खालची पिन बोटानं केसभर वर दाबायचा. त्या क्षणी इंजिनाचा आवाज काय करतो ते मी सांगायचं. आवाज चढून तसाच वर राहिला तर पेट्रोल जास्त. दबून मरायला लागला तर कमी. जरासा चढून पुन्हा जागेवर बसला तर बरोबर. मग पेट्रोल कमी-जास्त करणारा खालचा सहा पैलूंचा नट एक पैलू फिरवायचा आणि पुन्हा. तीन सुया होत्या, जाड, मधली, बारीक. त्यानं मधली निवडली होती आणि मी सांगेन तसा नट फिरवत होता. पहिले दोन-चार दिवस मी मन लावून ऐकलं. खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटत होता, मल्लूचे कान झालो म्हणून. पण चढलं आणि बसलं यातला फरक इतका बारीक असतो, की तासाभरानं मला सगळंच सारखं वाटायला लागायचं. तो विचारायचा, "चडून बसला का चडून ऱ्हायला?" मी म्हणायचो, पुन्हा कर. तो पुन्हा करायचा. त्याच्या कपाळावरचा घाम विभूतीत मिसळून नाकावर उतरायचा आणि तो माझ्या ओठांकडं टक लावून बघत असायचा, मी काय म्हणतो ते वाचायला.

त्या दिवशी पाऊण वाजला होता. घरी आमरस केलेला होता. हे लिहायला लाज वाटते, पण कारण तेच होतं, दुसरं कुठलंही नाही. बायकोचे दोन फोन येऊन गेले होते, पुऱ्या गार व्हायल्यात म्हणून. मल्लूनं पिन दाबली. आवाज चढला आणि वर राहिला, मला स्वच्छ कळलं. म्हणजे नट अजून फिरवायचा, पुन्हा इंजिन, पुन्हा पिन... त्यानं विचारलं, "बसला?" मी म्हटलं, "बसला."

"नक्की?"

"अरे बसला की. अगदी जागेवर."

पस्तीस वर्षं मी पोरांना एक गोष्ट शिकवली. रीत न मांडता नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य. त्या दुपारी मी उत्तर नुसतं लिहून मोकळा झालो. मल्लूनं इंजिन बंद केलं, चिंधीला हात पुसले, आणि कार्बोरेटरला हात लावून तो हात कपाळाला लावला. त्याचे डोळे भरले होते. मी आमरस खायला गेलो.

दुसऱ्या रविवारी त्यानं वैनींना अक्कलकोटकडच्या माहेरी न्यायचं ठरवलं. माझ्याच गाडीतून, मी चालवायची. इतर वेळी काम झालं की तो गावात दोन फेऱ्या मारून प्लग काढून बघायचा. पेट्रोल जास्त जात असेल तर प्लगवर काजळी धरते, ती खोटं बोलत नाही. या वेळी त्यानं बघितलं नाही. मी म्हटलं, "प्लग बघायचे नाहीत?" तेवढीच माझ्या मनात धाकधूक होती. तो म्हणाला, "तू ऐकलास न्हवं? मग कशाला." वैनी मागं डबा मांडीवर घेऊन नव्या पातळात बसल्या होत्या. वळसंगच्या अलीकडं एका ठिकाणी रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं अर्धा तास रांगेत थांबावं लागलं. इंजिन अडखळायला लागलं, मागून काळा धूर, दोन फटाके, आणि गाडी बंद. मल्लू खाली उतरला. पाना घेऊन पहिला प्लग काढला. तो तव्याच्या बुडासारखा काळा होता. दुसरा तसाच. चारही तसेच. ते चार प्लग तळहातावर घेऊन तो उन्हात उभा राहिला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, ते त्याला ऐकू येत नव्हते. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. तेव्हा तोंड उघडायचं होतं. नुसतं म्हणायचं होतं, मल्लू, मी खोटं बोललो. तो मला शिव्या देऊन, पाना घेऊन पुन्हा खाली वाकला असता. मी म्हटलं, "कचरा आला असेल पेट्रोलमधून."

"साकु," तो म्हणाला. मनाला फार लागलं की त्याच्या तोंडून कानडी यायचं. पुरे, असा त्याचा अर्थ. मग वैनींकडं बघून म्हणाला, "माझा हात गेला गं. कान आधी गेला, आता हात बी."

प्लग पुसून गाडी कशीबशी परत आणली. दुसऱ्या दिवशी त्यानं बोलावून घेतलं आणि तासाभरात व्हॅनचा कार्बोरेटर बसवून दिला. गाडी सुरळीत चालायला लागली. वैरागचा तो कार्बोरेटर सुईसकट फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "ठेव. कुणाचा हात चांगला असला तर बसवून घे." आठवड्याभरात हत्यारं वाटून टाकली आणि बोळ बंद केला. जो भेटेल त्याला स्वतःच सांगायचा, हात गेला म्हणून बंद केलं. लोकांना ते पटलं, आता कारागिरानंच सांगितल्यावर कोण कशाला शंका घेईल. मी त्याच्याकडं जाणं कमी केलं. गेलो की तो "बस मास्तर" म्हणायचा आणि आत चहा सांगायचा. दर खेपेला मी ठरवून जायचो, आज सांगायचं. दर खेपेला चहा पिऊन परत यायचो. त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागायचं आणि असली गोष्ट ओरडून कशी सांगायची, असली कारणं मी स्वतःला देत होतो. पाच महिने गेले आणि मग तो फोन आला.

तेरावा झाल्यावर मी ते फडकं सोडलं. मी कारागीर नाही, पण इतकी वर्षं बाजूला उभं राहून बघितलं होतं. व्हॅनचा काढला, वैरागचा बसवला. सुई तीच ठेवली, मधली. नट त्यानं जिथं सोडला होता तिथंच होता, त्यावर त्यानं रंगाचा ठिपका दिलेला. इंजिन गरम केलं, पिन दाबली. आवाज चढला आणि वर राहिला. एक पैलू फिरवला. चढून वरच. दुसरा पैलू. आवाज थोडा लोंबकळला. तिसरा पैलू फिरवला, पिन दाबली... आवाज जरासा चढला आणि खाली येऊन जागेवर बसला. मी वीस वेळा दाबून बघितलं. मग गाव सोडून पाच-सहा मैल जाऊन आलो, प्लग काढले. चारही प्लग बिस्किटासारखे तांबूस, मल्लू शिकाऊ पोरांना दाखवायचा तसे. तीन पैलू. नटाचा अर्धा फेरा. त्याचं काम तेवढंच उरलं होतं, दहा मिनिटांचं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. लाज सोडून, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला. तो असता तर काय करू नि काय नको असं झालं असतं मला, पण कुणाकडं जाणार होतो मी...

गाडी घेऊन तसाच शुक्रवार पेठेत गेलो. वैनी उंबऱ्यात आल्या. मी इंजिन चालूच ठेवलं आणि सगळं सांगितलं, आमरसासकट. माझं संपल्यावर म्हणाल्या, "हे त्येंना सांगायचं हुतं भावजी."

"हो."

"पाच म्हैने हात बगत बसायचे. हितंच, ह्या उंबऱ्यावर. उजवा हात मांडीवर ठिवायचा आणि बगायचं, दुसऱ्याचा असल्यागत. ताट पुढं ठिवलं तर म्हणायचे, तूच कालवून दे. मी दिलं कालवून. पाच म्हैने."

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. त्या गाडीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "गाडी बंद करा. ऐकवत न्हाई." मी बंद केली. निघताना म्हणाल्या, "पेपरच्या पुरवणीत त्येंच्यावर लिवणार हाय म्हणला हुता. चांगलं चांगलं लिवू नका. ह्ये लिवा. सगळी लायन वाचती ती पुरवणी. त्येंचा हात गेला न्हवता म्हणून लिवा, नाव घालून."

म्हणून लिहितोय. सात रस्त्याच्या गॅरेज लायनीत, बार्शीत, अक्कलकोटात, ज्यांनी कुणी कधी मल्लूकडून गाडी करून घेतली असेल त्यांनी हे एकमेकांना सांगावं. वैरागचा तिसरा कार्बोरेटर त्यानं बरोबर निवडला होता. सुईही बरोबर निवडली होती. मल्लिनाथचा हात गेलेला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं, आणि मी खोटं सांगितलं.